धरणवाल्या सरकारी कंपन्या सौरऊर्जेत का उतरताहेत?

माळवा_एक्स्प्रेस (इंदूर)

मंडळी, प्रश्न सरळ आहे. पाणी अडवून वीज करणं हाच ज्यांचा धंदा, त्या सरकारी कंपन्या सौरऊर्जेच्या मागे का लागल्यात?

उदाहरण आपल्या दाराशीच आहे. ओंकारेश्वर धरणाच्या जलाशयावर तरंगता सौर प्रकल्प होतोय. एकूण बेत ६०० मेगावॉटचा, पहिला टप्पा २७८ चा. त्यातले ९० मेगावॉट एसजेव्हीएनने ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू केले. सतलजवर १५०० मेगावॉटचा नाथपा झाकरी बांधला तीच ही कंपनी. ८८ मेगावॉट एनएचडीसीच्या वाट्याचे, म्हणजे एनएचपीसी (केंद्राची जलविद्युत कंपनी) आणि मध्य प्रदेश सरकारच्या भागीदारीतली कंपनी, जिच्याकडे इंदिरा सागर (१००० मेगावॉट) आणि ओंकारेश्वर (५२०) आहेत. उरलेले १०० खासगी कंपनीकडे गेले.

एनटीपीसीने सौरऊर्जेत हातपाय मारले तर समजू शकतं, कोळसा आज ना उद्या आवरता घ्यावाच लागेल. पण पाण्यापासूनची वीज आधीच स्वच्छ. २०१९ पासून तर मोठे जलविद्युत प्रकल्पही सरकारने अक्षय ऊर्जेत धरलेत. मग यांना ही उठाठेव कशाला? माझं मत विचाराल तर वरून फर्मान आलं, खालच्यांनी माना डोलावल्या. जाणकारांनी खोडून काढावं.

पोहे_जिलेबी

खुर्ची टाकून बसलो. शेव जरा सढळ हाताने टाका.

निवृत्त_टर्बाइन (इंदूर)

नोकरीची बरीच वर्षं नर्मदेवरच्या पॉवरहाऊसमध्ये गेली, म्हणून लिहितो. फर्मान आहेच, नाही असं नाही. पण फर्मान नसतं तरी या कंपन्या इकडे वळल्याच असत्या.

पहिलं कारण वेळ. एनएचपीसीचा लोअर सुबनसिरी बघा, २००० मेगावॉट. २००५ मध्ये काम सुरू, डिसेंबर २०११ मध्ये आंदोलनामुळे बंद, पुन्हा सुरू झालं ते ऑक्टोबर २०१९ मध्ये. मधली आठ वर्षं पैसा अडकलेला, व्याज चालू. हिमाचलात पार्वती-२ च्या बोगद्याने अशीच दोन दशकं खाल्ली. बोगदा खणताना पुढे कुठला खडक लागेल, पाणी कुठून फुटेल, हे कोणाचा बाप सांगू शकत नाही. याउलट सौर प्रकल्पाला जागा आणि लाइन मिळाली की दीड-दोन वर्षांत वीज सुरू.

दुसरं, हिमालय. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममध्ये हिमसरोवर फुटलं. १२०० मेगावॉटच्या तीस्ता-३ चं धरण वाहून गेलं आणि खाली एनएचपीसीचं तीस्ता-५ (५१० मेगावॉट) बंद पडलं. सगळी मिळकत डोंगरातल्या नद्यांवर ठेवणं किती जोखमीचं, हे त्या एका रात्रीत कळलं.

तिसरं कारण घरचं आहे. चालू धरणांतून दरवर्षी पैसा येतो. चांगल्या जागा संपल्या, उरलेल्या कज्ज्यात. तो पैसा लावायचा कुठे?

आणि पाण्याबाहेर जाणं सौरपासून सुरू झालेलं नाही. एसजेव्हीएनची पवनचक्क्यांची पहिली योजना तर महाराष्ट्रात आहे, अकोले तालुक्यातल्या खिरविऱ्याला, ४७.६ मेगावॉट. सौरचा श्रीगणेशा त्यानंतर गुजरातेत चारणक्याला झाला.

तिळगूळ

निवृत्तकाका, +१. खिरविऱ्याचं माहीतच नव्हतं, माझं माहेर संगमनेरचं.

शेअर_मामा (इंदूर)

एनएचपीसीचा आयपीओ २००९ चा, ३६ रुपयांनी. आमच्या रामबागेतल्या अर्ध्या वाड्याने भरला होता, सरकारी आहे, बुडणार नाही म्हणून. बुडला नाही, पण पुढे कितीतरी वर्षं छत्तीसच्या खालीच लोळत होता. बायको अजून सोन्याचा तेव्हाचा भाव ऐकवते.

सौरचं नाव निघाल्यावर शेअर हलला. माझ्यापुरतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे भिया. बाजाराला गोष्ट लागते, आणि धरणाची गोष्ट सांगायला वीस वर्षं थांबावं लागतं.

माळवा_एक्स्प्रेस

मामा, म्हणजे माझंच म्हणणं खरं झालं की! नुसता देखावा.

शेअर_मामा

देखाव्याने मीटर फिरत नाही. नव्वद मेगावॉटचे वर्षाला एकोणीस-वीस कोटी युनिट होतात.

बडोदेकर_रश्मी (बडोदा)

आमच्याकडे हे थोडं वेगळ्या वाटेने झालं. सरदार सरोवर नर्मदा निगम ही मुळात धरण आणि कालव्यांची कंपनी, तिने कालव्यावरच पॅनेल घातली. २०१२ मध्ये मेहसाणा जिल्ह्यात चंद्रासणला एक मेगावॉट, मग बडोद्याच्या शाखा कालव्यावर दहा मेगावॉट. या दुसऱ्याचं उद्घाटन जानेवारी २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी केलं. आम्ही तेव्हा कौतुकाने पाहायला गेलो होतो. जमीन वाचते, पाण्याची वाफ कमी होते, ऐकायला सगळं छान.

पण जवळ गेलं की खर्च कुठे जातो ते दिसतं. कालव्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत लोखंडी सांगाडा, गॅल्वनाइज केलेला, कारण खाली सतत ओल. कालव्यातला गाळ काढायचा, अस्तर दुरुस्त करायचं तर मशीन उतरवायची कुठून? म्हणून मधे मधे मोकळी जागा सोडावी लागते. नंतर त्याच निगमने कालव्याच्या काठावर, जमिनीवर पॅनेल घातली, ती स्वस्त पडली. तरंगत्या प्रकल्पाचंही असंच काही होईल का?

फ्लोट_बोल्ट

रश्मीताई, माझं पोट याच कामावर आहे. ओंकारेश्वरला नव्हतो, पण दुसऱ्या दोन जलाशयांवर होतो.

एसजेव्हीएनच्या नव्वद मेगावॉटला साधारण ६४६ कोटी लागले, म्हणजे मेगावॉटला सात कोटींच्या वर. जमिनीवरचा प्रकल्प याहून बराच स्वस्तात होतो. जास्तीचा पैसा जातो फ्लोटवर आणि नांगरावर. फ्लोट एचडीपीईचे, जाड प्लास्टिकचे पोकळ ठोकळे, एकमेकांना पिनांनी जोडलेले. त्यावर पॅनेल अगदी कमी उतारावर, कारण उतार वाढवला की वारा खालून उचलतो. एप्रिल २०२४ च्या वादळानंतर ओंकारेश्वरच्या मोडलेल्या पॅनेलांचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला होता, तो आठवतोय ना? वाऱ्याचा हिशेब चुकला की असं होतं.

खरी डोकेदुखी पाण्याची पातळी. धरण आहे, तलाव नाही. पाणी मीटर-मीटरने वरखाली होतं. नांगराची दोरी पाणी भरलेलं असताना ताणून तुटता कामा नये आणि उतरल्यावर इतकी सैल पडता कामा नये की अख्खं बेट फिरून काठाला लागेल. केबलला तितकाच झोल ठेवायचा. पाणबुडे खाली उतरून एकेक शॅकल तपासतात. आणि वर पाणकावळे! धूळ कमी बसते हे खरं, पण पाणकावळ्यांना आयतं बसायला मिळतं. एका कोपऱ्यावर शिटले की पॅनेलांची ती अख्खी रांग मार खाते.

फायदा काय? जमीन विकत घ्यायची नाही. जमिनीवर मेगावॉटला चार-पाच एकर लागतात, आणि तेवढी सलग जमीन, सातबारा स्वच्छ असलेली, मिळवून दाखवा.

पोहे_जिलेबी

इकडे खसरा-बी१ म्हणतात दादा, सातबारा तिकडे राहिला. पण स्वच्छ दोन्हीकडे नसतो.

छनेरा_रोड

जमीन विकत घ्यायची नाही, हे वाक्य वाचून थांबलो.

जमीन घेऊन झाली आहे. आमच्या मावशीचं घर हरसूदला होतं. २००४ च्या पावसाळ्याआधी इंदिरा सागरसाठी अख्खं गाव रिकामं केलं. लोकांनी स्वतःच्या हाताने घरं पाडली, भंगाराचे तरी पैसे येतील म्हणून. दारं, चौकटी, कवेलू ट्रॅक्टरमध्ये भरून छनेऱ्याला, जिथे नवं हरसूद वसवलं तिथे, नेले. त्या जलाशयाखाली नऊशेवर चौरस किलोमीटर गेले. ओंकारेश्वरच्या बुडितात घोघलगावला २०१२ मध्ये माणसं सतरा दिवस पाण्यात उभी होती, पायांची कातडी सुटली होती, तेव्हा कुठे पाणी १८९ मीटरवर ठेवायचं कबूल झालं.

आता त्याच पाण्यावर दुसरी कमाई होते आहे. होऊ दे, माझा सौरऊर्जेला विरोध नाही. पण ज्यांची शेती गेली त्यांतले काही जण याच जलाशयात जाळं टाकून जगतात. पॅनेलच्या भागात होडी नेता येत नाही. या दुसऱ्या कमाईत त्यांचा हिस्सा कुठल्या कागदावर आहे, ते कोणी दाखवेल का?

तिळगूळ

छनेरा, याला उत्तर नाही माझ्याकडे. वाचून गप्प झाले.

फ्लोट_बोल्ट

छनेरादादा, मी जिथे होतो तिथे मासेमारांच्या सोसायटीतली पोरं बोट चालवायला आणि सफाईला घेतली होती. पण ती ठेकेदाराची माणसं, ठेका संपला की घरी. हिस्सा वगैरे काही नाही. तुमचं म्हणणं रास्त आहे.

निवृत्त_टर्बाइन

एक भर घालतो. जलविद्युत प्रकल्पात ज्या राज्यात धरण, त्या राज्याला बारा टक्के वीज फुकट द्यायची, वर एक टक्का स्थानिक विकासासाठी, असं केंद्राचं धोरण आहे. तो एक टक्का कुठे पोहोचतो हा वेगळा विषय, पण निदान कागदावर तरी आहे. सौरला असं बंधन नाही. कंपन्यांना सौर आवडण्याचं हेही एक कारण समजा.

सूर्यघर_त्रस्त (इंदूर)

अवांतर आहे, पण सौरचाच धागा आहे म्हणून विचारते. सुदामा नगरात घराच्या गच्चीवर तीन किलोवॉट बसवून घेतलं. ७८,००० ची सबसिडी खात्यात आली, तक्रार नाही. पण ज्याने बसवलं तो आता फोन उचलून नाही राहिला. इन्व्हर्टर दुपारी ऐन उन्हात बंद पडतो, संध्याकाळी आपोआप सुरू होतो. संध्याकाळी काय उपयोग त्याचा?

फ्लोट_बोल्ट

ताई, इन्व्हर्टरच्या पडद्यावर 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' येतं का बघा. गल्लीत सगळ्यांनीच पॅनेल बसवली असतील तर दुपारी व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद होतो. ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून घ्यावा लागेल. दुपारच्या व्होल्टेजचे फोटो काढून वीज कंपनीच्या झोन ऑफिसला अर्ज द्या, तोंडी सांगून काही होत नाही.

सूर्यघर_त्रस्त

तेच येतं! धन्यवाद दादा. गल्लीत खरंच सगळ्यांनी बसवलंय.

निवृत्त_टर्बाइन

सूर्यघरताईंच्या गल्लीत जे होतंय तेच अख्ख्या ग्रिडमध्ये होतंय. दुपारी वीज नको तितकी, सूर्य कलला की ओरड. मूळ प्रश्नाचं उत्तर इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या कंट्रोल रूममध्ये संध्याकाळी जबलपूरच्या लोड डिस्पॅचचा (कुठल्या केंद्राने किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या कार्यालयाचा) फोन यायचा, "दोन मशीन घ्या." बटण दाबलं की गाइड व्हेन, म्हणजे टर्बाइनमध्ये पाणी सोडणारी पाती, उघडतात, पायाखालची फरशी आधी थरथरते, मग आवाज येतो, सुया वर चढतात, मशीन ग्रिडशी जुळतं, सिंक्रोनाइझ. पाच-सात मिनिटांत सव्वाशे मेगावॉटचं एक मशीन लोडवर. कोळशाचं थंड पडलेलं युनिट पेटवायला तासच्या तास जातात. सौरचं तर आपल्या हातात काहीच नाही, ढग आला की गेलं.

आता दोन्ही एकाच कंपनीकडे असतील तर? दिवसा पॅनेल चालवा, पाणी धरून ठेवा, संध्याकाळी सोडा. पावसाळ्यात पॅनेल मंद, तेव्हा धरण भरलेलं. उन्हाळ्यात धरण उतरलेलं, तेव्हा ऊन कडक. धरणापासून निघणाऱ्या लाइनची ताकद पूर्ण क्षमतेची असते, पण वर्षातले कितीतरी तास ती रिकामीच पडून असते. माझ्या मते धरणवाल्यांनी सौरमध्ये यावं ते यासाठी. हा जोडधंदा आहे, आणि जोडधंदा म्हणून केला तरच फायद्याचा.

जबलपूरचा_मेहुणा

काका, कागदावर उत्तम. पण पाणी संध्याकाळपर्यंत धरून ठेवायची मुभा कंपनीला आहे का? नर्मदेचं पाणी १९७९ च्या लवादाने वाटून दिलंय. खाली सरदार सरोवराला किती सोडायचं ते नर्मदा नियंत्रण प्राधिकरण बघतं, ज्याचं कार्यालय तुमच्याच इंदुरात आहे. सरदार सरोवराच्या विजेत ५७ टक्के आपला, मध्य प्रदेशाचा वाटा, २७ महाराष्ट्राचा, १६ गुजरातचा. एवढी भावकी असल्यावर एकट्या कंपनीने नळ बंद-चालू करायचा म्हणजे अवघड आहे.

शिवाय तरंगत्या प्रकल्पाचा करार वेगळा, धरणाचा वेगळा. सौरची वीज पंचवीस वर्षांसाठी तीन रुपये वीस-पंचवीस पैशांच्या आसपास ठरलेल्या भावाने राज्याच्या पॉवर मॅनेजमेंट कंपनीला. सकाळी दिली काय, दुपारी दिली काय, भाव तोच. मग संध्याकाळसाठी जीव कोण काढणार?

निवृत्त_टर्बाइन

मेहुणे, लवादाची वाटणी वर्षाची आणि महिन्यांची आहे, तासांची नाही. आज दिवसभरात सोडायचं पाणी दुपारी दोनला सोडलं की संध्याकाळी सातला, याने गुजरातचं काही बिघडत नाही, खाली सरदार सरोवर आहे ते झेलायला. इंदिरा सागरने सोडलेलं पाणी ओंकारेश्वर झेलतं, तिथे थोडं सांभाळता येतं. हे आम्ही पूर्वीही करायचो. कराराचं मात्र बरोबर बोललात. संध्याकाळच्या युनिटला वेगळा भाव मिळत नाही तोवर कंपनीला त्यात रस नाही.

माळवा_एक्स्प्रेस

वाह, आता रंगलं. म्हणजे काका, यावं ते याच्यासाठी, पण आले ते याच्यासाठी नाही, असं?

जबलपूरचा_मेहुणा

अगदी. २०२३ मध्ये केंद्राने एनएचपीसी आणि एसजेव्हीएन दोघींना निविदा काढणारी संस्था नेमलं, सेकी (केंद्राचं सौरऊर्जा महामंडळ) आणि एनटीपीसीच्या जोडीला. म्हणजे दुसऱ्याने बांधायचं, यांनी मधे राहून वीज घ्यायची, राज्यांना विकायची, युनिटमागे सात पैसे ठेवायचे. निविदा धडाधड निघाल्या. राज्यं म्हणाली, दुपारची वीज आमच्याकडे आहे, आणखी नको. कितीतरी मेगावॉटचे ठेके देऊन झाले, पण वीज विकत घ्यायला कोणी सही करायला तयार नाही. बोगदे खणणाऱ्या इंजिनिअरांना अडत्याच्या गादीवर बसवलं तर दुसरं काय होणार?

शेअर_मामा

अडत्याला हसू नका, आपली सियागंजची घाऊक बाजारपेठ त्याच्यावरच उभी आहे.

रंगपंचमी_गेर (इंदूर)

कंपनीचं राहू द्या, आपल्या महापालिकेने बरं केलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढले, जलूदला, नर्मदेचं पाणी उपसतात तिथे, ६० मेगावॉट सौरसाठी. नर्मदेचं पाणी निमाडातून घाट चढवून माळव्यावर आणायचं म्हणजे पंपांचं बिलच महापालिकेला खाऊन टाकतं. वीज करणारा आणि वापरणारा एकच, मधे अडत्या नाही. पंप दिवसा जोरात चालवा, टाक्या भरून ठेवा. काकांनी धरणाबद्दल सांगितलं तेच उलट्या दिशेने.

बडोदेकर_रश्मी

हे छान आहे. उलट्या दिशेवरून आठवलं, आमच्या सरदार सरोवराच्या नदीपात्रातल्या पॉवरहाऊसची सहाही मशीन (२०० मेगावॉटची) उलटी फिरवता येण्याजोगी आहेत. खालचं पाणी पुन्हा वर चढवायचं अशी मूळ कल्पना, त्यासाठीच खाली गरुडेश्वरला बंधारा. दुपारच्या स्वस्त सौर विजेने पाणी चढवा, रात्री सोडा. बॅटरी बॅटरी म्हणून सगळे ओरडताहेत, ती आधीच बांधून ठेवलेली आहे.

निवृत्त_टर्बाइन

रश्मीताई, मनातलं बोललात. इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर यांच्यातही अशी पंप स्टोरेजची योजना एनएचडीसीच्या टेबलावर आहे. दोन्ही जलाशय तयार, नवीन बुडित जवळपास नाही. मी त्या कंपनीत वरच्या खुर्चीवर असतो तर शंभर मेगावॉट सौरच्या आधी याला हात घातला असता. सौर कोणीही करेल, परवा दुकान टाकलेलाही निविदा भरतो. दोन धरणांमध्ये पाणी खेळवणं कोणालाही जमणार नाही.

जबलपूरचा_मेहुणा

आणि तोवर नीमचला गांधी सागरच्या काठी खासगी कंपनी पंप स्टोरेज बांधतेय. धरण १९६० चं, सरकारी पैशाचं. त्यावर पहिली उडी खासगीने मारली. सरकारी कंपन्या तेव्हा सौरच्या निविदा भरण्यात गर्क होत्या.

छनेरा_रोड

नवीन बुडित "जवळपास" नाही म्हणजे किती काका?

निवृत्त_टर्बाइन

प्रश्न बरोबर आहे. धरणांसाठी नव्याने पाणी भरायचं नाही. पण पॉवरहाऊस, पाण्याचा मार्ग, रस्ते, माती टाकायची जागा, याला जमीन लागतेच, आणि त्या पट्ट्यात जंगल आहे. आकडा अहवालात बघूनच सांगेन, अंदाजाने नाही.

छनेरा_रोड

बघा आणि इथेच टाका. मासेमारांचं विसरू नका.

पोहे_जिलेबी

रविवारी ओंकारेश्वरला जाणाऱ्यांनी हात वर करा. माझ्या गाडीत तीन जागा आहेत. पहाटे पाचला निघू, बडवाहला नाश्ता.

सूर्यघर_त्रस्त

मी येते. मात्र त्याआधी शनिवारी झोन ऑफिस. फ्लोटदादा, अर्जावर इन्व्हर्टरचा सिरीयल नंबर लिहायचा का?

फ्लोट_बोल्ट

नेट मीटरचा नंबर आणि ग्राहक क्रमांक लिहा, तेवढं पुरे. पोचपावतीवर शिक्का मारून घ्या.